पहिले पाच सेकंद कुणाचे?

नव्वदच्या दशकात पाच जानेवारी हा दिवस भारतातल्या अनेक संगणकांना मानवत नसे. यंत्र अचानक अडून बसे आणि पडद्यावर एकच हट्ट धरे : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. वैतागून दुसरं काहीही बडवलं तरी ढिम्म. जोशीबुवांना मुकाट्यानं शुभेच्छा दिल्या की गाडी पुन्हा रुळावर. ‘जोशी’ याच नावानं ओळखला जाणारा हा विषाणू जून १९९० मध्ये भारतात सापडला आणि फ्लॉप्यांबरोबर परदेशीही गेला. हे जोशी कोण, ते पडद्याआडच राहिलं. आडनाव ऐकून पुण्या-सोलापूरकडे बोट दाखवायचा मोह होईल. पण जोशी गुजरातेत आहेत, कुमाऊंतही आहेत, तेव्हा मराठी माणसानं उगाच श्रेय लाटू नये.

श्रेय द्यायचंच तर जागेच्या निवडीला द्यावं. हा विषाणू कुठल्या फाइलीत लपला नव्हता. तो फ्लॉपीच्या आणि हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात जाऊन बसला होता. बटण दाबल्यावर डिस्कवरून सर्वांत आधी वाचला जातो तो हाच कप्पा. तिथं जो बसेल तो बाकी सगळ्यांच्या आधी जागा होतो आणि मागून येणाऱ्यांना आत कसं घ्यायचं ते ठरवतो. त्या जागेवर बसायचा खरा मान ज्याचा, त्या छोट्याशा प्रोग्रॅमला बूटलोडर म्हणतात.

‘बूट’ या शब्दामागे एक कोडं आहे. संगणकाला काहीही करायला प्रोग्रॅम लागतो, आणि डिस्कवरचा प्रोग्रॅम मेमरीत आणायला पुन्हा प्रोग्रॅमच लागतो. मग पहिला आणायचा कुणी? इंग्रजीत याची तुलना स्वतःच्या बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःलाच उचलण्याशी केली गेली. मराठीला शेंडी अधिक सोयीची. थापाड्या म्हणून प्रसिद्ध असलेला जर्मन कथांमधला बॅरन मुंखहाउझेन तर स्वतःची शेंडी धरून, घोड्यासकट, दलदलीतून वर आला होता. संगणकानं हे काम पायऱ्यापायऱ्यांनी केलं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये मुक्कामाला असलेला प्रोग्रॅम (पूर्वीचा बायॉस, आताचा यूईएफआय) आधी उठतो. तो बूटलोडरला उठवतो. बूटलोडर विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीचा गाभा मेमरीत आणतो, कारभार त्याच्या हाती देतो आणि निघून जातो. संगीत नाटकातल्या सूत्रधारासारखा : नांदी झाली, नाटकाचं नाव सांगितलं, की तो पुन्हा दिसत नाही.

या सूत्रधाराला जुन्या पद्धतीत मिळणारी जागा पाहिली तर कीव येते. पहिला कप्पा ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्याला, शेवटचे दोन ओळखखुणेला. उरले ४४६. आजच्या पद्धतीनं साठवलेल्या मराठी मजकुराच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे दीडशे चिन्हंही धड बसणार नाहीत. लग्नपत्रिकेतला ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासूनचा मजकूर त्यात मावायचा नाही. म्हणून लिनक्सच्या जगात आधी लिलो आणि मग ग्रब यांनी युक्ती केली : पहिल्या कप्प्यात फक्त पुढचा पत्ता ठेवायचा, बाकी बिऱ्हाड दुसरीकडे. ग्रबची सुरुवात १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी केली. नाव भौतिकशास्त्रातल्या ‘ग्रँड युनिफाइड थिअरी’ची थट्टा करणारं, पण थट्टेत दावा खरा होता. एकच बूटलोडर निरनिराळ्या कार्यप्रणाल्यांना उठवू शकेल, हा तो दावा. लिलोचा विकास २०१५ मध्ये थांबला. ग्रब आजही कोट्यवधी यंत्रांवर रोज पाच-दहा सेकंद दिसतो आणि विसरला जातो.

या विसरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमशी सोलापूरचा काय संबंध? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नियमित साथ सोडली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसर साधारण २०१८ नंतरचा. म्हणजे २०१५ मध्ये घेतलेला, आठ जीबी मेमरी असलेला, यंत्रमाग कारखान्याच्या कचेरीत टॉवेलची बिलं बिनतक्रार काढणारा संगणक एका तारखेनं म्हातारा ठरला. शाळांच्या संगणक कक्षांत तर याहून जुनी यंत्रं धूळ खात असतात. बाजाराचा सल्ला सोपा आहे : नवीन घ्या. पण चालता माग भंगारात काढणं हे सोलापूरच्या कारखानदाराच्या अंगवळणी पडलेलं नाही.

सोलापुरी चादरीच्या मागाकडेच पाहा. चादरीवरची नक्षी जेकार्डनं उठते. भोकं पाडलेल्या जाड कार्डांची माळ मागावर फिरते. जिथं भोक आहे तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, जिथं नाही तिथं तो तसाच राहतो. जोसेफ मारी जाकार यांनी फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. चार्ल्स बॅबेजनं आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना इथूनच उचलली, आणि संगणकाच्या वंशावळीत विणकरांचं नाव लागलं ते असं. आता कळीची गोष्ट : कार्डांची माळ बदलली की तोच माग दुसरी नक्षी विणतो. मागाचा मालक माळ बदलतो तेव्हा माग घडवणाऱ्या कंपनीची परवानगी मागत नाही. संगणकाच्या मालकाला मात्र तीच मोकळीक आपल्या यंत्रावर आहे की नाही, हे बूटलोडरच्या कुलपावर ठरतं.

मोकळीक असली तरी हात घालायची भीती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. जुन्या संगणकावर विंडोजच्या जागी किंवा जोडीला लिनक्स घालू पाहणाऱ्यांपैकी बरेचजण जिथं अडकतात ती जागा लिनक्स नव्हे, त्याच्या आधीची आहे. लिनक्सची यूएसबी तयार झाली, लावली, बटण दाबलं, आणि समोर पुन्हा विंडोजच. कारण यंत्राच्या यादीत पहिला मान हार्ड डिस्कचा. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि कुणाच्या मागे कुणी चालायचं ते परंपरेनं ठरलेलं असतं. संगणकातही हा मानाचा क्रम लिहून ठेवलेला असतो. फरक इतकाच, की इथं तो मालकाला बदलता येतो. सुरू होतानाच एफ-२, एफ-१२, डिलीट किंवा एस्केप यांपैकी एखादं बटण दाबत राहायचं. कुठलं, ते प्रत्येक कंपनीनं आपापल्या लहरीनं ठरवलेलं आहे. या एका बाबतीत जगातल्या संगणक कंपन्यांचं एकमत का होऊ नये, हे देव जाणे.

त्याआधीची तयारी कंटाळवाणी आणि अत्यावश्यक. सगळ्या कामाची प्रत बाहेर काढून ठेवणं पहिलं. दुसरं, बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घेणं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. सुरुवातीच्या व्यवस्थेत थोडा बदल केला की विंडोज ही किल्ली मागतं, आणि ती नसेल तर फोटो, हिशेब, सगळं आतच. तिसरं, विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करणं, कारण त्यात यंत्र पुरतं बंद न होता अर्धवट झोपतं आणि झोपलेल्याच्या घरात शिरून लिनक्सनं सामान हलवलं तर दोघांचंही नुकसान होतं. आणि वीज. बूटलोडर लिहिला जात असताना दिवे गेले तर काळ्या पडद्यावर ग्रबची एक ओळ तेवढी शिल्लक राहते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे काम भरल्या बॅटरीवर किंवा यूपीएसवरच करावं.

दोन कार्यप्रणाल्या एकत्र नांदवायच्या तर विंडोज आधी, लिनक्स नंतर, हा जुना नियम. त्याचं कारण त्याच पहिल्या कप्प्यात आहे. तिथं एकालाच जागा होती आणि विंडोज मागाहून आलं की आधीच्याला न विचारता बाहेर काढत असे. यूईएफआयनं हे भांडण बरंच मिटवलं. आता डिस्कवर काहीशे एमबीचा एक वेगळा भाग असतो, त्यात मायक्रोसॉफ्टचा फोल्डर वेगळा, उबुंटू लिनक्सचा वेगळा. चाळीतल्या शेजाऱ्यांसारखे दोघं आपापल्या खोलीत राहतात. वाद उरतो तो यादीत पहिलं नाव कुणाचं एवढाच.

हे पार पडलं की ग्रबचा मेनू दिसतो आणि मग हौसेला वाव मिळतो. थांबण्याची वेळ किती, आधी कोण सुरू व्हावं, मागच्या वेळी निवडलेलंच पुन्हा निवडावं का, हे सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. ओळ बदलायची, ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यायची, झालं. काळ्या पाटीऐवजी सिद्धेश्वर तलावाचा फोटो हवा तर तोही लावता येतो. उत्साही मंडळी इथं एक चूक हमखास करतात. मेनूची खरी यादी ज्या फाइलीत असते तिच्यातच ती थेट खाडाखोड करतात. ती फाइल दर वेळी नव्यानं आपोआप तयार होते, त्यामुळे पुढच्या अपडेटला सगळी कलाकुसर पुसली जाते. दुसरा धक्का २०२१ पासूनचा. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून शेजारच्या कार्यप्रणालीचा शोध घेणारं साधन सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलं जातं, त्यामुळे मेनूत विंडोज दिसेनासं होतं. विंडोज पुसलं गेलं म्हणून घाम फुटतो. प्रत्यक्षात एक ओळ बदलली की ते जागच्या जागी सापडतं.

आणि घड्याळ. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. त्यामुळे दोन्ही ठेवणाऱ्या भारतीयाच्या विंडोजमध्ये सकाळी साडेदहाला पहाटेचे पाच वाजलेले दिसतात. फरक बरोबर साडेपाच तासांचा. दुकानदार मदरबोर्डचा सेल बदलून देतो, बिल होतं, वेळ तशीच राहते. लिनक्सला एका आज्ञेनं स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की प्रश्न मिटतो. ज्ञान नसण्याची किंमत बहुतेकदा अशीच छोटी, पण रोख असते.

कुलपाची बाजूही ऐकून घ्यायला हवी, कारण ती लंगडी नाही. जोशींच्याही आधी, १९८६ मध्ये, लाहोरच्या अल्वी बंधूंनी ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या पहिल्याच कप्प्यात ठेवला होता, वर स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरही लिहून. १९९२ मध्ये मायकेलअँजेलो विषाणूच्या सहा मार्चनं जगभर घबराट उडवली. याच काळात रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतले विषाणू काढता काढता धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभी राहिली, जी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. उंबरठा मोकळा ठेवला तर चोर शिरतात, हे महाराष्ट्राला त्या काळापासून ठाऊक आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेलं ‘सिक्युअर बूट’ हे त्यावरचं उत्तर. ज्याच्यावर मान्यताप्राप्त डिजिटल सही आहे तोच बूटलोडर चालेल, बाकीच्यांना दारातून परत.

प्रश्न सहीचा अधिकार कुणाला, हा आहे. व्यवहारात बहुतेक यंत्रांत आधीपासून असतात त्या मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या. लिनक्सवाल्यांनी तडजोड केली. मॅथ्यू गॅरेट यांनी ‘शिम’ नावाचा छोटा मधला प्रोग्रॅम लिहिला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि तो पुढे ग्रबला ओळखून आत घेतो. सुसे कंपनीच्या सूचनेवरून त्यात आणखी एक सोय आली : मालक स्वतःची किल्ली यंत्रात नोंदवू शकतो. तिचं अधिकृत नावच ‘मशीन ओनर की’. यंत्रमालकाची किल्ली! कुलूप हवंच, पण किल्ली मालकाच्या कनवटीला असावी, हे तत्त्व त्या तीन शब्दांत आलं आहे. विंडोज ८ च्या काळात साध्या पीसीवर सिक्युअर बूट बंद करण्याची सोय ठेवणं कंपन्यांना बंधनकारक होतं. विंडोज १० पासून ते कंपनीच्या मर्जीवर आलं. फोनचं तर विचारूच नका. काही कंपन्या बूटलोडर उघडू देतात, काही देत नाहीत, आणि हार्डवेअर ठणठणीत असलेला फोन अपडेट थांबल्यामुळे अडगळीत जातो.

किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होतं, याचा दाखला फार जुना नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटनं ग्रबच्या जुन्या, सदोष आवृत्त्या यंत्रांवर नामंजूर केल्या. हेतू चांगला होता. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या यंत्रांना हे अपडेट लागू होणार नाही, असं कंपनीनं सांगितलं होतं. पण अशी यंत्रं ओळखण्यातच चूक झाली, आणि जगभर अनेकांचं लिनक्स ‘काहीतरी फार गंभीर बिघडलं आहे’ असं सांगून उठेनासं झालं. कायमची दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला. दुसरीकडे, अद्ययावत विंडोज ११ वरचं सिक्युअर बूटही चुकवणारा ‘ब्लॅकलोटस’ हा घातक प्रोग्रॅम २०२३ मध्ये संशोधकांनी समोर आणला. म्हणजे कुलूप अभेद्य नाही, आणि कधी कधी घरधन्यालाच बाहेर कोंडतं. त्यात २०११ मध्ये दिलेल्या मूळ प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. अपडेटमधून ती आपोआप नवी झाली नाहीत, तर यंत्राच्या बायॉसपर्यंत मालकाचा हात पोचायला हवा.

तो पोचतो का? सार्वजनिक पैशातून घेतलेल्या संगणकांबाबत ही शंका रास्त आहे. संगणक कक्ष बसवून देणारा पुरवठादार मुलांनी चाळे करू नयेत म्हणून बायॉसला पासवर्ड घालतो. तीन वर्षांनी देखभालीचा करार संपतो, पुरवठादार जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. मग वीस यंत्रं अशी उरतात, की ज्यांचं विंडोज कालबाह्य आणि दुसरं काही घालायला दार बंद. जिल्हा परिषद, महापालिका आणि महाविद्यालयांनी खरेदीच्या अटींत दोन ओळी वाढवाव्यात : बायॉसचा पासवर्ड संस्थेच्या दप्तरी लेखी जमा हवा, आणि सिक्युअर बूटमध्ये स्वतःची किल्ली घालण्याची सोय असलेलंच यंत्र घेतलं जाईल. याला एक रुपयाही जास्त लागत नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूही आहेत. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका यांच्याबरोबर उघडणारा बूटलोडर हाही दुरुस्तीचाच भाग मानायला हवा.

शिकवण्याचं काय? २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमानं लाखो मराठी माणसांच्या हातात माउस दिला, त्या उपकाराला तोड नाही. पण ती ओळख विंडोजचं चिन्ह दिसल्यानंतर सुरू होणारी. आधीचे पाच सेकंद अंधारातच राहिले. केरळच्या सरकारी शाळांत उबुंटूवर आधारलेलं लिनक्स चालतं आणि तिथं २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी मंडळांतून मुलांना तंत्रज्ञानाचं शिक्षण मिळतं. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. ज्या वालचंद हिराचंदांचं नाव त्या संस्थेला आहे ते मूळचे सोलापूरचे, आणि जहाज, विमान, मोटार इथंच बनावी म्हणून झगडलेले. ज्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून रणजितसिंह डिसले यांची क्यूआर कोडची पाठ्यपुस्तकं २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्कारापर्यंत गेली, त्या जिल्ह्याला एका काळ्या पडद्याची भीती घालवणं जड जाऊ नये.

त्यासाठी नवा अभ्यासक्रम नको, एक दुपार पुरे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत भंगाराच्या वाटेवरची पाच-सहा यंत्रं असतातच. विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर दोन कार्यप्रणाल्या घालाव्यात, मग मुद्दाम ग्रब उडवावा. पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ आल्यावर यूएसबीवरून यंत्र उठवून तो पुन्हा बसवावा. स्वतःच्या हातानं मोडलेली वस्तू जोडताना जे डोक्यात शिरतं ते पन्नास स्लाइडींनी शिरत नाही. यात प्राध्यापकांनाही थोडा घाम फुटेल, पण तो मुलांसमोर फुटला तर बिघडत नाही.

तारीख ठरवायचीच तर पाच जानेवारी बरी. जोशीबुवांचा वाढदिवसही साजरा होईल. त्याहून उशीर नको. पुढच्या आठवड्यात सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरतो आणि मग सोलापुरात कामाला कुणी हाताशी लागत नाही.